गुरुवारचं दुकान

त्या दुकानात मावशी कधी इंग्रजी बोलल्या नाहीत. तीस-पस्तीस वर्षं अमेरिकन हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्याचं काम केलेली बाई, इंग्रजी फाडफाड. इन्शुरन्सवाल्याला त्यांनी फोनवर रडकुंडीला आणलेलं मी स्वतः ऐकलंय. पण गुरुवारी दुपारी त्या दुकानाचं लाकडी दार ढकललं, की मराठी सुरू.

"काय गं, गुडघा काय म्हणतोय?"

गल्ल्यामागे पांढरी टोपी बांधून बसलेली आमिश बाई तिच्या घरच्या जर्मनमध्ये काहीतरी उत्तर द्यायची. गुडघ्याबद्दलच असावं, कारण बोलताना ती गुडघ्यावर हात ठेवायची. मावशी मान हलवायच्या, गरम पाण्याने शेक म्हणून सांगायच्या, आणि मग दोघी मोहरीकडे वळायच्या.

पहिल्या गुरुवारी मला राहवलं नाही. गाडीत बसल्याबसल्या म्हटलं, "मावशी, तिला इंग्लिश येतं."

"माहितीय."

"तुम्हालाही येतं."

"अरे, ती तिच्या आईशी इंग्रजी बोलली नाही, मी माझ्या आईशी बोलले नाही. मग आमच्या दोघींच्या मध्ये ही तिसरी कशाला?"

मी गाडी सुरू केली.

मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत. पेन्सिल्व्हेनियात मला पहिला जॉब लागला तेव्हा मी त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली. काका जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा तिकडे पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, आणि एवढ्या मोठ्या घरात मावशी एकट्या. भाड्याबरोबर एकच अट होती. गुरुवारी बाराला गाडी काढायची. मी घरूनच काम करायचो, त्यामुळे नाही म्हणायला सबब नव्हती. कितीतरी मीटिंगा मी म्यूटवर टाकून त्या दुकानाबाहेर, घोडे बांधायच्या आडव्या दांडक्याशेजारी गाडी लावून ऐकल्या आहेत. मॅनेजर विचारायचा, "काही अपडेट?" आणि शेजारी घोडा फुरफुरायचा.

गुरुवारच का, तर हॉस्पिटलात त्यांची सुट्टी गुरुवारी असे. रिटायर होऊन आठ वर्षं झाली तरी बाकीचे सहा दिवस त्या कामावर असल्यासारख्या वागत, आणि गुरुवारी सुट्टी घेत. एका गुरुवारी आम्ही गेलो तर दुकान बंद. मावशींचा पारा चढला. परत येताना चौकशी केली तेव्हा कळलं, येशू स्वर्गात गेला तो हा गुरुवार, आमिश लोक त्या दिवशी व्यवहार करत नाहीत. मावशी एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. भर आठवड्यात दुकान बंद ठेवायला लावेल एवढा तरी देव हवा."

आमिश म्हणजे घरात वीज न घेणारे, मोटार न बाळगणारे, घोडागाडीतून हिंडणारे ते ख्रिस्ती शेतकरी. त्यांच्या दुकानात विजेचा दिवा नसे. छपराला काचा बसवलेल्या, त्यातून येईल तेवढा उजेड, आणि पावसाळी दिवशी वर टांगलेली एक गॅसबत्ती सूं करत असायची. आत काय नव्हतं? पिठाच्या गोण्या, हाताने चिठ्ठ्या चिकटवलेल्या वाल-घेवड्याच्या पुड्या, कंदिलाच्या काचा, वाती, गवती हॅट, रबरी बूट, टाचण्या, दोऱ्याची रिळं, घोड्याच्या पायाला चोळायचं मलम, आणि चेपलेले म्हणून स्वस्तात विकायला ठेवलेले टिनचे डबे. रॉकेल, दालचिनी आणि चीज यांचा मिळून एक वास यायचा. पुण्यातल्या माझ्या आईला मी तो फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, "म्हणजे कुबट का?" मी नाद सोडला.

एकदा मालकिणीने काउंटरवर एक बरणी ठेवली आणि चमचाभर मावशींच्या तळहातावर ओतलं. गडद, दाट. मावशींनी चाटलं आणि थांबल्या. बरणीवरची चिठ्ठी मला वाचायला लावली. ती ज्वारीच्या धाटांची काकवी होती.

"जोंधळ्याचं धाट," त्या म्हणाल्या. "शाळेतून येताना शेतात घुसून सोलून चघळायचो आम्ही. ओठ कापायचे. आई ओरडायची." आणि मग मालकिणीकडे वळून सगळं पुन्हा मराठीत, हातवारे करून, ओठ कसे कापायचे त्यासकट. ती बाई तोंडावर हात धरून हसली. तिनेही तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, धाट सोलल्याची खूण केली, आणि स्वतःच्या ओठावर बोट ठेवलं. मी आपला दोन्ही भाषा येत असल्यासारखा मधे उभा. एक तर येत होती म्हणा.

आठवडाभर मावशी पँट आणि स्वेटरमध्ये असायच्या. गुरुवारी मात्र पातळ. वर काकांचा जुना तपकिरी कोट, पायात पांढरे स्पोर्ट शूज, आणि दुकानात शिरताशिरता पदर कमरेला खोचायचा. "तिथल्या बायका त्यांचं नेसतात, मी माझं नेसते," एवढंच स्पष्टीकरण. त्या बायकांच्या झग्याला बटण नसतं, टाचण्यांनी बसवतात, हे मावशींच्या लक्षात आल्यावर तर काय विचारता! पातळालाही बटण नाही. एका गुरुवारी ओटमीलच्या गोण्यांमागे मावशींनी निऱ्या सोडून पुन्हा घालून दाखवल्या. मला पाठ करून उभं राहायला सांगितलं होतं. पुढच्या खेपेला त्यांनी घरातून एक विरलेलं जांभळं इरकली नेलं आणि तिच्या हातात ठेवलं, गोधडीला होईल म्हणून. तिने काठावरून बोट फिरवलं. ते लोक साधं, एकरंगी कापड वापरतात. हा लाल काठ कुठे लावणार, असं तिच्या मनात आलं असेल. पण ठेवून घेतलं.

आणखी एक गोष्ट. ते लोक त्यांच्यातले नसलेल्या सगळ्यांनाच 'इंग्लिश' म्हणतात. गोरा असो, काळा असो, आपण असो. मावशींना हे कळलं त्या दिवशी त्या गाडीत बराच वेळ हसत होत्या. "वडील इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आले, आणि लेक इथे येऊन इंग्लिश झाली. बरं झालं नाहीत ते बघायला."

दोऱ्याच्या रिळांजवळ कापडी बाहुल्या असायच्या. टोपी, झगा, एप्रन सगळं नीटनेटकं, पण चेहरा नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, नुसता पांढरा गोळा. मावशींनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उचलून डॉक्टरी नजरेने तपासली. "हिला नाकच नाही. मी मास्क लावू कुठे?" तेव्हा मालकिणीने मला, फक्त मला, इंग्रजीत समजावलं. चेहरा काढायचा नाही, फोटो घ्यायचे नाहीत. माणसाने स्वतःची मूर्ती करून मिरवू नये असं त्यांचं म्हणणं. दारावर तशी पाटीही होती. म्हणजे पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय नाही.

नोव्हेंबर होता. बाहेर थंडी, पण छपराच्या काचांतून ऊन पडलं होतं, नेमकं काउंटरवर. मावशींच्या तळहातावर मिरी होती, आणि त्या काहीतरी सांगून खो खो हसत होत्या. समोर ती बाई टोपीसकट मागे झुकून हसत होती. मावशींना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पिठाच्या गोणीआडून फोन काढला आणि एक फोटो घेतला. एकच.

काय फोटो होता तो! रात्रभर मी उघडून उघडून पाहत होतो. आणि सकाळी, गाढवपणा बघा, तो महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या मावशी आणि त्यांची मैत्रीण'. बदामांचा पाऊस पडला. "सो क्यूट!", "कुठंय हे दुकान यार?", "पत्ता टाक ना." मी पत्ता टाकला.

आपली माणसं एकदा सहल म्हणाली की थांबत नाहीत. शनिवारी तीन व्हॅन भरून मंडळ दुकानात पोचलं. मी त्यात नव्हतो, मला सोमवारी कळलं. डबे, थर्मास, भारतातून आलेले आईवडील, मुलं. कुणी मुलाला घोडागाडीत बसवून फोटो काढला. कुणी मालकिणीच्या नातीसमोर फोन धरला, ती रडायला लागली. आणि एका उत्साही काकूंनी मालकिणीला माझा फोटोच दाखवला. "लुक, यू आर फेमस!" वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. दुकान आवडलं म्हणून त्यांनी गोणीभर सामानही घेतलं. ती बाई फोटो बघून आतल्या खोलीत गेली, आणि तिचा नवरा काउंटरवर येऊन उभा राहिला.

हे मी मावशींना सांगितलं नाही. धीर झाला नाही. गुरुवारी नेहमीसारखे गेलो. मावशींनी पदर खोचला, दार ढकललं. "काय गं, गुडघा काय म्हणतोय?"

ती बाई उभी राहिली. हसली, पण वरवर. आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "गुड आफ्टरनून. हाऊ कॅन आय हेल्प यू टुडे?"

मावशींचा चेहरा मी विसरणार नाही. कुणी आपल्याच घराची कडी आतून लावून घ्यावी आणि आपण पायरीवर उभे असावे, तशा त्या दिसत होत्या. मग त्यांनीही इंग्रजीत विचारलं, काय झालं म्हणून. तिने सांगितलं. आवाज न चढवता, शनिवारचं सगळं, फोटोसकट. मी मागे कंदिलाच्या काचांजवळ उभा होतो. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना मावशी म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मला ती आठवणार नाही? का तिला मी?"

"फोटो फार छान आला होता, मावशी," मी म्हटलं.

"एखादी गोष्ट जवळ ठेवावीशी वाटली ना, की दहापासून एकापर्यंत उलटं मोजायचं, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नीट बघायचं. माझे पेशंट सातावर झोपायचे. तू जागा आहेस, तुला एकापर्यंत जमेल." आणि आत गेल्या.

पुढच्या गुरुवारी त्या गाडीतच बसून राहिल्या. मला एकट्याला आत पाठवलं. मी त्या बाईसमोर फोन धरला, तिला दाखवून फोटो पुसला, पुसलेल्यांच्या यादीतूनही पुसला. ग्रुपवर सगळ्यांना हात जोडून पुसायला लावला होता, तेही सांगितलं. ती फोनकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. "थँक यू," म्हणाली.

त्यानंतर सगळा हिवाळा इंग्रजीत गेला. मावशी जायच्या, सामान घ्यायच्या, "प्लीज" आणि "थँक यू" म्हणून यायच्या. पातळ मात्र सोडलं नाही. मी तर दुकानाच्या आत पाऊलच टाकत नव्हतो. मग मार्चमधल्या एका गुरुवारी सामान जड झालं म्हणून मला आत बोलावलं. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागलं होतं. ती बाई पुडीला दोरा बांधताबांधता खिडकीकडे बघून स्वतःशीच पुटपुटली. तिच्या भाषेत. मावशी लगेच म्हणाल्या, "हो ना गं. यंदा थंडी हटतच नाही मेली." ती थांबली. मावशींकडे बघितलं. आणि मग तिच्या भाषेतलं एक लांबलचक वाक्य बोलली, हातातला दोरा तसाच धरून.

गाडीत मावशी रुमालात नाक शिंकरत होत्या. "सर्दी झालीय," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मावशी दोनदा पडल्या. दुसऱ्या खेपेला मुलगा येऊन त्यांना रेडमंडला घेऊन गेला. घर विकलं. मला जर्सी सिटीत नोकरी लागली होती, मीही निघालो. शेवटच्या गुरुवारी मालकिणीने मावशींना काकवीची बरणी दिली. मावशींनी तिला सांगितलं, "वसंतात येते." हे मात्र खूण करून, खिडकीबाहेरच्या झाडाला पानं फुटल्याचा अभिनय करून.

वसंत आला आणि गेला. मी दर गुरुवारी फोन करायचो. आधी तक्रारी असायच्या. इथे सारखा पाऊस, इथल्या दुकानात काउंटरमागे माणूसच नसतो, नातू मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतो. मग हळूहळू बोलणं तुटक झालं. विसरायला लागल्या. मुलगा एकदा म्हणाला, "आई आता इंग्लिश बोलतच नाही. नर्स येते तिच्याशी पण मराठीच. त्या बिचारीला काही कळत नाही. काय करू यार?" मला सांगावंसं वाटलं, की एक बाई आहे, तिला सगळं कळेल. पण ती तीन हजार मैलांवर घोडागाडीतून हिंडते, हे त्याला काय सांगणार?

फेब्रुवारीत मावशी झोपेतच गेल्या.

मुलाने सगळ्यांकडे फोटो मागितले, स्लाइड शोसाठी. "तुझ्याकडे त्या स्टोअरमधला होता ना? ती त्याबद्दल सारखी बोलायची." मी नाही म्हटलं. आणि खरं सांगायचं तर, मंडळातल्या पाच-सहा जणांना गुपचूप विचारलंही, चुकून कुणाकडे राहिला असेल तर. कुणाकडेच नव्हता. मी एवढ्या कळकळीने पुसायला लावलं होतं, की सगळ्यांनी खरंच पुसला होता. स्लाइड शोमध्ये मावशी होत्या, पदवीदानातल्या, लग्नातल्या, डिस्नीलँडमधल्या. सगळीकडे कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या. मला त्या मिरीवाल्या मावशी हव्या होत्या. अजून हव्या आहेत. डोळे मिटले की ऊन आठवतं, कोट आठवतो, हसू कुठून सुरू होत होतं ते मात्र निसटतं.

त्या बाईला सांगायला हवं होतं. शेतातल्या टपरीत त्यांचा सगळ्यांचा मिळून एक फोन असतो, त्यावर निरोप ठेवता येतो. पण ही बातमी मशीनमध्ये ठेवायची नसते. मी रजा टाकली आणि एका गुरुवारी जर्सी सिटीहून गाडी काढली.

दुकान तसंच होतं. वास तसाच. ती गल्ल्यामागे होती, थोडी थकलेली. मला बघून तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं. मोजकंच सांगायचं ठरवून आलो होतो, तेही नीट जमलं नाही.

ती स्टुलावर बसली. बराच वेळ एप्रनची टाचणी चाचपत राहिली. आणि मग माझ्याशी बोलायला लागली, तिच्या भाषेत. माझ्याशी पहिल्यांदाच. लांब बोलत होती, मधे थांबत होती, एकदा गुडघ्यावर हात ठेवला, एकदा ओठावर बोट. शेवटी सूर उंचावून काहीतरी विचारलं.

"नाही," मी मराठीत म्हणालो. "फार त्रास नाही झाला. झोपेतच गेल्या."

तिने मान हलवली.

मग उठून आत गेली आणि एक बाहुली घेऊन आली. काउंटरवर उभी करून ठेवली. जांभळं इरकली, लाल काठ, निऱ्या बरोबर मधोमध. पदर डाव्या खांद्यावरून येऊन कमरेला खोचलेला. वर तपकिरी लोकरीचा कोट, बाह्या लांब, काकांच्या कोटाच्या असायच्या तशा. पायात पांढऱ्या कापडाचे बूट. चेहरा नव्हता. मावशींना मी कुठेही, पाठमोऱ्याही ओळखलं असतं, आणि या होत्याच.

"ती वसंतात येणार होती, तिच्यासाठी केली होती," मालकीण इंग्रजीत म्हणाली. "ही विकायची नाही. इथेच राहील." मग माझ्या खिशाकडे बघून म्हणाली, "हवा तर हिचा फोटो घे. हिला चेहरा नाही, हिचा चालतो."

माझा हात खिशाकडे गेला होता, हे तिला दिसलं असणार. फोन मी बाहेर काढलाही. मग तो पालथा काउंटरवर ठेवला, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि बघायला लागलो. दहा. नऊ. आठ. मालकीण काही न विचारता बाजूला सरली, म्हणजे छपरातला उजेड पुरता बाहुलीवर पडला. मी एकापर्यंत पोचलो, आणि पुन्हा दहापासून सुरुवात केली.